शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

मुलांनो, शाळेतल्या प्रयोगाचं उत्तर सरांना आधीच ठाऊक असतं. फिजिक्सच्या पदवीला शेवटच्या वर्षी जो प्रोजेक्ट असतो, त्यात तसं असेलच असं नाही.

१९०९ साली मँचेस्टरला अर्नेस्ट मार्सडेन हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. पदवी अजून मिळायची होती. रदरफर्डनी त्याला सांगितलं, अल्फा कण धातूच्या पत्र्यावरून उलटे फिरतात का बघ. फिरतील असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं! अंधारात बसून पडद्यावरचे चमकणारे ठिपके डोळ्यांनी मोजायचे, असं ते किचकट काम. गायगरबरोबर त्याने ते केलं. प्लॅटिनमवरून सुमारे ८००० कणांतला एक मागे फिरत होता. त्याचा अर्थ लावताना १९११ मध्ये रदरफर्डनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली.

आजचा नेहमीचा प्रोजेक्ट म्हणजे म्यूऑनचं आयुष्य मोजणं. वरून येणारा म्यूऑन प्लास्टिकच्या सिंटिलेटरमध्ये थांबला की एक चमक, संपला की दुसरी. मधला वेळ सरासरी २.२ मायक्रोसेकंद. पण प्रत्यक्षात उत्तर किंचित कमी येतं, कारण ऋणभाराच्या काही म्यूऑनना प्लास्टिकमधलं कार्बनचं केंद्रक आधीच गिळतं. हे 'का' शोधण्यातच खरी गंमत आहे.

म्हणून पालकांनो, मुलीने फोनवर "बाबा, उत्तर चुकतंय" म्हटलं, तर लगेच मार्कांची चौकशी नको. किती चुकतंय आणि कुठल्या बाजूला, एवढं विचारा. आणि वही रोज लिहायला सांगा, शाईने. खाडाखोड चालते, पान फाडायचं नाही.