रुप्याच्या डोंगराचे सभासद

समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटर उंचीवर, जिथे चार पायऱ्या चढताच धाप लागते आणि चुलीवरचे पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळू लागल्यामुळे डाळ शिजता शिजत नाही, अशा ठिकाणी एवढे मोठे शहर वसविण्याची बुद्धी कोणास झाली असेल, हा प्रश्न बोलिव्हियातील पोतोसीत आलेल्या प्रवाशाला पडतो खरा. परंतु तो फार वेळ टिकत नाही, कारण कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दक्षिणेकडे दृष्टी टाकली की तांबूस-पिवळ्या रंगाचा, शंकूच्या आकाराचा सेर्रो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’, त्याचे उत्तर होऊन उभा असतो. 1545 साली या डोंगरात रुप्याच्या शिरा सापडल्या आणि सतराव्या शतकाच्या आरंभी येथील वस्ती लाखाच्या वर गेली. उत्पन्नाचा पंचमांश स्पेनच्या राजाच्या खजिन्यात जमा होई. उरलेले रुपे ‘रियाल’ नाण्यांच्या रूपाने जगभर हिंडे, आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गोव्यास व सुरतेस उतरलेल्या अशा नाण्यांपैकी पुष्कळशी बादशाही टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पडत. शिवाजी महाराजांनी 1664 साली सुरतेहून जी संपत्ती आणली, तीत या डोंगराचा काही अंश असणे अगदी संभवनीय आहे. नाण्यावर शिक्का बादशहाचा असतो, खाणीचा नसतो, म्हणून ते सिद्ध करता येत नाही इतकेच.

हे रुपे वर काढावयास माणसे लागत, आणि पुरेशी माणसे राजीखुशीने येईनात. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 1570 नंतरच्या दशकात त्यावर जी तोड काढली तिचे नाव ‘मीता’. इंका राजवटीत पाळीपाळीने सार्वजनिक काम करण्याची जी जुनी चाल होती, ती उचलून त्याने तिची रीतसर सरकारी वेठ बनविली: सोळा प्रांतांतील मूळ रहिवाशांपैकी दर सात प्रौढ पुरुषांमागे एकाने वर्षभर पोतोसीत राबावे असा हुकूम सुटला, आणि त्याबरहुकूम दरसाल 13,000 च्या वर माणसे, काही तर शेकडो मैल दूरच्या कुझकोच्या मुलखातून, बायकामुले व लामांचे कळप बरोबर घेऊन पायी येऊ लागली. वेठबिगार आपल्या रयतेलाही अपरिचित नव्हती. येथे थक्क करतो तो तिचा विस्तार. या डोंगरात ऐंशी लक्ष माणसे मेली असे प्रवाशांना सांगण्यात येते. तो आकडा इतिहासकार मान्य करीत नाहीत. पण आकडा अतिशयोक्त ठरला म्हणून वेठ सौम्य ठरत नाही. 1825 साली बोलिव्हिया स्वतंत्र झाला आणि वेठ कायमची बंद पडली. खाण बंद पडली नाही.

ती आजही चालू आहे, आणि शुल्क भरून पाहता येते. दाखविणारे बहुधा पूर्वी खाणीतच काम केलेले असतात. आत शिरण्यापूर्वी खाणकामगारांच्या बाजारात थांबून त्यांच्यासाठी भेटवस्तू घेण्याचा तेथे रिवाज आहे. कोकाची पाने, सिगारेटी, 96 टक्के मद्यार्काच्या बाटल्या आणि त्यांच्याच शेजारी सुरुंगाच्या कांड्या, वाती व टोप्या उघड्यावर विकावयास मांडलेल्या असतात, आणि घेणाऱ्याजवळ परवान्याची विचारणा कोणी करीत नाही. कोकाची पाने गालात दाबून ठेवतात आणि तंबाखूला जसा चुना तशी त्यांना राखेची वडी लावतात. धुळीमुळे खाणीत कोणी जेवत नाही; भूक, थकवा आणि विरळ हवेचा त्रास या पानांच्या रसावर भागवावा लागतो, आणि पानांची चव उतरली की पाळीचा किती वेळ गेला याचा अदमास त्यावरूनच बांधतात.

खाणीचे तोंड म्हणजे वाकून शिरावे असे दगडी कमानीचे भोक. कमानीवर लामाच्या बळीचे रक्त वाळून काळे पडलेले. पहिल्या काही पावलांत थंडी आणि घोट्यापर्यंत चिखलपाणी, पुढे गेल्यावर उकाडा, आणि सर्वत्र गंधकाचा उग्र दर्प. भिंतीच्या कडेने दाबलेल्या हवेचा नळ गेलेला असतो, त्याच्या फुसफुशीवरून पुढे काम चालू आहे की नाही हे कळते. छताला निलगिरीच्या खोडांचे टेकू दिलेले असतात, त्यांतील काही मधोमध पिचलेले. टनाहून अधिक वजनाची भरलेली वाघीण रुळांवरून येऊ लागली की लांबूनच ओरड होते आणि माणसाने भिंतीतल्या खोबणीत अंग चोरून उभे राहावयाचे असते. दोघे पुढून दोराने ओढतात, दोघे मागून रेटतात. ब्रेक म्हणजे त्यांच्याच टाचा. आमच्या समोरच एक वाघीण वळणावर रुळांवरून घसरली, तेव्हा त्या चौघांनी एक अक्षर न बोलता पाठ लावून ती पुन्हा रुळांवर बसविली आणि पुढे चालू पडले. आम्ही मात्र नुसते उभे राहूनही हाशहुश करीत होतो.

शिरेच्या टोकाशी, जिथे ताठ बसताही येत नाही, तिथे खरे काम चालते. ज्यांना हवेच्या दाबावर चालणारे यंत्र परवडते ते त्याने भोके पाडतात, ज्यांना परवडत नाही ते घण व छिन्नी वापरतात, आणि मग एका बाराच्या भोकाला तासन्‌तास लागतात. आम्ही पाहिलेल्या ठिकाणी यंत्राबरोबर पाणी सोडलेले नव्हते, त्यामुळे उठणारी धूळ दिव्याच्या झोतात धुक्यासारखी तरंगत राही. या धुळीतील सिलिका फुफ्फुसांत बसते आणि सिलिकोसिस होतो. भोके पाडून झाली की बार भरावयाचा, वात पेटवावयाची, वळणाआड जाऊन धडाके मोजावयाचे: जितके भरले तितके उडाले याची खात्री पटल्याशिवाय परत फिरावयाचे नाही. मग फावडी आणि घमेली. रुपे आता फारसे शुद्ध सापडत नाही. जस्त, शिसे व रुपे यांची मिश्र खनिजे निघतात, ती पायथ्याच्या कारखान्यांना विकली जातात, आणि कस लावून जो दर ठरेल तो पदरात पडतो.

मला अधिक विचार करावयास लावले ते खाणी चालविण्याच्या व्यवस्थेने. 1952 च्या क्रांतीनंतर बोलिव्हियाच्या मोठ्या खाणी सरकारजमा झाल्या. 1985 साली त्यांतून निघणाऱ्या कथलाचा भाव कोसळला, सरकारी महामंडळाने 20,000 हून अधिक कामगारांना घरी बसविले, आणि त्यांतील कित्येक सहकारी संस्थांत शिरले. आज डोंगर सरकारचा आणि खाणी मक्त्याने सहकारी संस्थांकडे, अशी रीत आहे. सहकार म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना, त्याचा अध्यक्ष आणि वार्षिक सभा येते. येथील सभासदाला स्वतःच्या शिरेवर हक्क मिळतो, पण सुरुंग, बूट, दिवा हे सारे त्याने स्वतः विकत घ्यावयाचे, शीर आटली तर तोटा त्याचा, आणि त्याच्याही हाताखाली रोजंदारीवरचे बिगरसभासद असतात, ज्यांना तो हक्कही नाही. खाणीच्या तोंडाशी झोपडीत राहून हत्यारांची राखण करणाऱ्या आणि टाकाऊ दगडांतून खनिज निवडणाऱ्या बायका, पुष्कळदा खाणकामगारांच्या विधवा, या उतरंडीच्या तळाशी. एका वयस्क सभासदाने मोठ्या अभिमानाने सांगितले की आपल्यावर कोणी मुकादम नाही. ते खरेच आहे, आणि त्या अभिमानाची थट्टा करण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. परंतु तोलेदोच्या वेठीत निदान वेठ घेणारा कोण हे ठाऊक होते, येथे त्याची जागा जस्ताच्या जागतिक भावाने घेतली आहे आणि त्याच्यापुढे फिर्याद दाखल करता येत नाही.

ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालता येते असा एकच अधिकारी खाणीत बसलेला असतो, तो म्हणजे ‘तिओ’: शिंगे असलेली, लिंग ताठ असलेली मातीची मूर्ती. बाहेर येशूचे राज्य, आत याचे. मंगळवारी व शुक्रवारी त्याच्या तोंडात पेटती सिगारेट ठेवतात, पायांशी मद्य ओततात, कोकाची पाने वाहतात. याला भोळेपणा म्हणावयास मी तयार नाही. जिथे छताचा भरवसा नाही तिथे कोणाशी तरी करारमदार करून ठेवणे शहाणपणाचेच होय.

छताचा भरवसा नाही हे अक्षरशः खरे. जवळजवळ पाचशे वर्षांच्या खोदाईने पोखरलेल्या या डोंगराच्या माथ्यावर 2011 साली खड्डा पडला. 4,400 मीटरच्या वर खोदण्यास मनाई आहे, ती पाळली जात नाही. 1987 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेले हे स्थळ 2014 पासून धोक्यातील वारशाच्या यादीत आहे.

शहरात 1773 साली पूर्ण झालेली भव्य टांकसाळ आहे. पूर्वी खेचरांकडून फिरविले जाणारे तिचे प्रचंड लाकडी दात्यांचे चक्र पाहण्यासारखेच आहे, आणि बहुतेक प्रवासी तेच आधी पाहून खाण, वेळ उरला तर, असा क्रम ठेवतात. पोतोसीस जाणाऱ्या वाचकाने हा क्रम उलटा करावा. उंचीची सवय होईपर्यंत थांबावे, मग आधी खाणीत उतरावे आणि टांकसाळ नंतर पाहावी. आणि बाजारात भेटवस्तू घेताना दारूची बाटली ठेवून द्यावी व धूळ अडविणारे चांगले मास्क घरूनच बरोबर न्यावेत.