मुक्त-स्रोत परिचालन प्रणाली

संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, हार्ड डिस्क, कळफलक, पडदा इ. भाग आणि त्यांवर चालणाऱ्या आज्ञावल्या यांचा मेळ घालणाऱ्या मूलभूत आज्ञावली-समूहास परिचालन प्रणाली म्हणतात. ज्या प्रणालीची मूळ संहिता सर्वांना पाहण्यास खुली असते आणि जी वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व पुन्हा वाटण्याचा परवाना प्रत्येकास असतो, ती मुक्त-स्रोत परिचालन प्रणाली होय. घरगुती संगणकांवरील अशा प्रणालींत लिनक्स ही प्रमुख आहे. ती बहुधा विनामूल्य मिळते. तथापि तिचे खरे वैशिष्ट्य मोफतपणात नसून बदल करण्याच्या हक्कात आहे. मराठीसारख्या भाषेच्या दृष्टीने या हक्कास विशेष महत्त्व आहे.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये यूनिक्स प्रणालीच्या विकासास आरंभ झाला. तिच्याशी सुसंगत परंतु मुक्त अशी प्रणाली निर्माण करण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. या प्रकल्पात अनेक उपयुक्त आज्ञावल्या तयार झाल्या. मात्र यंत्रभागांचे प्रत्यक्ष नियंत्रण करणारा गाभा अपुरा राहिला. ही उणीव हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स या गाभ्याने भरून काढली. १९९२ मध्ये तो ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आला. गाभा, आज्ञावल्या व स्थापनेची साधने यांच्या एकत्रित संचास ‘वितरण’ म्हणतात. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३) व उबुंटू (२००४) ही प्रसिद्ध वितरणे होत. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये प्रसृत केले. केंद्र शासनाने २०१५ मध्ये आपल्या कारभारासाठी मुक्त-स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले.

स्थापना : वितरणाची प्रतिमा-फाइल महाजालावरून उतरवून ती पेन ड्राइव्हवर विशिष्ट आज्ञावलीने लिहितात, नुसती नक्कल करून चालत नाही. फाइल निर्दोष उतरली आहे किंवा नाही, हे तिच्या पडताळा-अंकावरून तपासता येते. त्यानंतर संगणक हार्ड डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरून सुरू करतात. पुष्कळ वितरणे हार्ड डिस्कला न स्पर्शता स्मृतीतूनच चालवून पाहता येतात. ध्वनी, बिनतारी जालजोडणी व मुद्रक ही साधने चालतात की नाही, याची परीक्षा याच वेळी करणे इष्ट असते.

हार्ड डिस्कचे विभाजन हा स्थापनेतील सर्वांत नाजूक टप्पा होय. जुनी प्रणाली ठेवावयाची असल्यास तिचा विभाग आक्रसून रिकाम्या जागी लिनक्स बसवितात. संगणक सुरू होताना ‘ग्रब’ ही आज्ञावली दोहोंपैकी एकीची निवड करू देते. संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडल्यास मात्र तीवरील छायाचित्रे, हिशेब इ. सर्व सामग्री पुसली जाते. म्हणून तिची प्रत अगोदर अन्यत्र ठेवणे अत्यावश्यक आहे.

एकदा सिद्ध केलेला पेन ड्राइव्ह कितीही संगणकांवर कायदेशीरपणे वापरता येतो. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी एका ठिकाणी उतरविलेले वितरण जालजोडणी नसलेल्या घरांतही बसविता येते.

वापर : नित्याच्या कामासाठी सामान्य वापरकर्त्याचे खाते असते, प्रणालीत फेरफार करण्यासाठी प्रशासकाचा अधिकार तेवढ्यापुरता घ्यावा लागतो. आज्ञावल्या वितरणाच्या अधिकृत भांडारातून स्वाक्षरी तपासून घेतल्या जातात. वीज अकस्मात गेल्यास नोंदवही ठेवणारी ‘ईएक्सटी४’ ही फाइल-रचना सुसंगत स्थितीत परत येऊ शकते. परंतु न जतन केलेला मजकूर त्यामुळे वाचत नाही.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणाऱ्या संगणकांना लिनक्समुळे पुन्हा अद्ययावत करता येते. या सोयीसही मर्यादा आहे. डेबियनने २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटी इंटेल-पद्धतीच्या संगणकांवरील नवी स्थापना बंद केली. तसेच विंडोजसाठीच रचलेल्या काही आज्ञावल्या व काही उपकरणे लिनक्सवर चालत नाहीत.

मराठीकरण : पूर्वी प्रत्येक देवनागरी टंकाची संकेतरचना वेगळी असे, त्यामुळे एका टंकात लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर अर्थहीन चिन्हांत दिसे. प्रत्येक वर्णास निश्चित क्रमांक देणाऱ्या युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली. तरी जोडाक्षरे योग्य रीतीने जुळविणारी यंत्रणा व सुयोग्य टंक लागतोच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद पडद्यावर उमटला नाही तर अर्थ बदलतो. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हा देवनागरी टंक तयार केला. इंडलिनक्स व इंडिक्ट्रान्स या गटांनी, तसेच रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील केंद्रातील भाषांतरकारांनी मराठीकरणाच्या कामास हातभार लावला.

पडद्यावरील प्रत्येक सूचना मूळ संहितेपासून वेगळ्या फाइलीत इंग्रजी वाक्य व त्याचे भाषांतर अशा जोडीने ठेवलेली असते. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या मराठी जाणकारासही भाषांतर करता येते. ज्या वाक्याचे भाषांतर झालेले नसते, ते इंग्रजीतच दिसते. बंदिस्त प्रणालीत ही उणीव दूर करणे विक्रेत्याच्या इच्छेवर अवलंबून असते. येथे ते भाषेच्या वापरकर्त्यांच्या हाती आहे. हे काम मात्र एकदाच करून संपत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात आणि भाषांतर करणारे न मिळाल्यास मराठी पडद्यावर इंग्रजी पुन्हा वाढत जाते.