'लंडन कॉलिंग'चा धसमुसळा निर्माता

'द क्लॅश' या लंडनच्या पंक बँडचा 'लंडन कॉलिंग' हा दुहेरी अल्बम १४ डिसेंबर १९७९ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. पंकची पहिली लाट ओसरली तरी तो शिळा झाला नाही, आणि त्याचे श्रेय सहसा जो स्ट्रमर व मिक जोन्स या गीतकार जोडीला दिले जाते. रेगेपासून जॅझपर्यंतची सरमिसळ, एका तबकडीच्या किमतीत दोन देण्यासाठी सीबीएस कंपनीच्या गळी उतरवलेला बेत, वेष्टनावरचे बेस गिटार आपटणाऱ्या पॉल सिमननचे छायाचित्र हे सारे रसिकांना पाठ आहे. निर्माता गाय स्टीव्हन्स मात्र विक्षिप्तपणाच्या किश्श्यांपुरताच उरला, आणि हा त्याच्यावरचा अन्यायच म्हणावा लागेल.

१९४३ साली जन्मलेल्या स्टीव्हन्सने साठच्या दशकात सोहोतील 'सीन' क्लबमध्ये अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज संगीताच्या तबकड्या वाजवून तरुणांना त्याची गोडी लावली आणि 'आयलंड' कंपनीच्या 'स्यू' या छापाखाली त्या ब्रिटनमध्ये विकायलाही आणल्या. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात असताना वाचलेल्या विलर्ड मॅनसच्या कादंबरीचे 'मॉट द हूपल' हे नाव त्याने पुढे एका बँडला दिले. १९७६ मध्ये त्याच्याकडून करून घेतलेली 'क्लॅश'ची नमुना-मुद्रणे फसली होती आणि १९७९ पर्यंत दारूने त्याला पुरते पोखरले होते. तरीही बँडने त्यालाच बोलावले.

हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत त्याने खुर्च्या फेकल्या, शिडी गरगर फिरवली, पियानोत मद्य ओतले. व्हिन्स टेलरचे १९५९चे 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' वाजवताना बँडची लय वाढत गेली, म्हणून ड्रमवादक टॉपर हेडनला ते पुन्हा वाजवायचे होते. स्टीव्हन्सने साफ नकार देऊन पहिलेच मुद्रण कायम केले, आणि आज अल्बममध्ये ऐकू येते ते तेच.

असा माणूस निर्माता या पदाला पात्र होता का, या प्रश्नाचा निवाडा करणारा पुरावा २००४ मध्ये हाती आला. पिम्लिकोच्या व्हॅनिला स्टुडिओतील तालमींची एक ध्वनिफीत बँडच्या मदतनिसाच्या हातून भुयारी रेल्वेत हरवली होती. जोन्सच्या जुन्या सामानात मात्र त्या तालमींच्या फिती सापडल्या आणि अल्बमच्या पंचविसाव्या वर्षी त्यांतील २१ मुद्रणे प्रसिद्ध झाली. ती ऐकली की चाली आणि मांडणी बव्हंशी आधीच ठरलेली होती हे स्पष्ट होते, म्हणजे स्टीव्हन्सने गाणी घडवली हा दावा टिकत नाही. परंतु त्या तालमींत गाणी नुसतीच वाजतात आणि अल्बममध्ये ती अंगावर येतात, हेही तितकेच स्पष्ट होते. हा आवेश त्याने पेटवला, आणि ध्वनिअभियंता बिल प्राइस याने त्या गदारोळातही तो स्वच्छ टिपला. या दोघांपैकी एकालाच श्रेय देणारे चरित्रकार ते मुद्रण अर्ध्या कानानेच ऐकत असावेत.

स्टीव्हन्स २८ ऑगस्ट १९८१ रोजी, दारू सोडवण्यासाठी दिलेल्या औषधाच्या अतिसेवनाने वारला. बँडने त्याच्यावर रचलेले 'मिडनाइट टू स्टीव्हन्स' हे गाणे १९९१ पर्यंत अप्रकाशितच राहिले.