‘सिन्ग्रॅफा आइन’ची ओळख

नॉक्टुइडी कुलातील ‘सिन्ग्रॅफा आइन’ हा पतंग आल्प्स पर्वतातील लार्चच्या अरण्यांत राहतो. होखेनवार्ट याने १७८५ साली त्याचे वर्णन केले. अग्रपंखावरील रुपेरी खूण प्रथम दृष्टीत भरते. तथापि तेवढ्यावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. प्लुसिइनी उपकुलातील अनेक जातींत अशी खूण असून, एकाच जातीतही तिचा आकार कमीअधिक बदलतो.

खरा भेद पश्चपंखात आहे. आइनचा पश्चपंख पिवळसर व रुंद काळसर कडेचा असतो. इंटेरोगेशनिस या जातीत तो करडा-तपकिरी असतो. होखेनवार्थी जातीचा पश्चपंख नारिंगी-पिवळा व काळ्या किनारीचा खरा. परंतु ती जात आकाराने लहान, दिवसा उडणारी व वृक्षरेषेवरील कुरणांत वावरणारी आहे.

अळीच्या अन्नावरून या भेदास पुष्टी मिळते. आइनची अळी लार्चची सुईसारखी पाने खाते, तर इंटेरोगेशनिसची व्हॅक्सिनियमच्या झुडपांवर वाढते. पोटाखालील पुढचे पाय खुंटलेले असल्यामुळे दोन्ही अळ्या पाठीची कमान करून चालतात. महाराष्ट्रात अशा अळीस उंटअळी म्हणतात.

नमुना टाचताना पश्चपंख झाकलेले राहिल्यास मुख्य लक्षणच दृष्टीआड होते. अशा नमुन्यास चुकीचे नाव दिले गेल्यास, जेथे लार्च नाही तेथेही आइनचा वास नोंदला जाईल आणि प्रसाराचा नकाशाच बिघडेल. म्हणून पंख पूर्ण पसरावेत, स्थळ व वनस्पती नोंदवावी आणि शंका उरल्यास जननेंद्रिये तपासून मगच नाव लिहावे.