तेलासाठी युद्ध केले तर तेल मिळते का?

रविवारच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "तेलाशिवाय देश चालत नाही. ते दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि आपल्याकडे ताकद असेल, तर युद्ध करून ते का घेऊ नये?" प्रश्न प्रामाणिक होता. युद्ध वाईट असते एवढे सांगून तो सुटणारा नव्हता. म्हणून आम्ही दोन युद्धांचा हिशेब मांडला.

पहिला इराकचा. १९८० ते १९८८ इराणशी लढून इराक कर्जबाजारी झाला होता. कर्ज देणाऱ्यांत कुवेतही होता. कुवेत जादा तेल काढून भाव पाडतो आणि सीमेवरच्या रुमैला क्षेत्रातले आमचे तेल चोरतो, असा सद्दाम हुसेन यांच्या राजवटीचा आरोप होता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. चारच दिवसांत संयुक्त राष्ट्रांनी व्यापारबंदी लादली आणि इराकला स्वतःचे तेलही विकता येईना. माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. पुढे भरपाईपोटी इराकला आपल्याच तेलाच्या उत्पन्नातून ५२.४ अब्ज डॉलर द्यावे लागले. शेवटचा हप्ता फिटला जानेवारी २०२२ मध्ये. युद्धाच्या वेळी जन्मलेली मुले तिशी ओलांडेपर्यंत देश हप्ते फेडत होता.

दुसरे युद्ध २००३ चे. अमेरिकेने सर्वसंहारक शस्त्रांचे कारण सांगून इराकवर हल्ला केला. ती शस्त्रे सापडली नाहीत. तेलाचा वाटा किती, यावर आजही वाद आहे. पण इराकच्या पुनर्बांधणीचा खर्च तिथल्या तेलातून निघेल, असे युद्धाचे समर्थक सांगत होते. प्रत्यक्षात तेलवाहिन्यांवर हल्ले होत राहिले. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी नागरिक मेले. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी २००८ मध्ये या युद्धाचा खर्च तीन लाख कोटी डॉलर इतका मांडला. आणि २००९ मध्ये त्याच रुमैला क्षेत्राचा ठेका लिलावात मिळाला तो ब्रिटिश बीपी आणि चीनच्या सरकारी कंपनीला. चीनने तर या युद्धात एकही सैनिक पाठवला नव्हता.

सुरक्षा तरी वाढली का? कोसळलेल्या राज्याच्या पोकळीत 'इसिस' उभी राहिली. जून २०१४ मध्ये तिने मोसुल घेतले. तिथे मजुरीला गेलेल्या ३९ भारतीयांना तिने ठार केले. पोटासाठी परदेशी गेलेल्या गरीब घरांतली ती माणसे होती.

या युद्धांची झळ आपल्यालाही बसली. १९९० मध्ये कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत दुपटीवर गेला. १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना आखातातून परत आणावे लागले. त्यांनी घरी पाठवायचा पैसा थांबला. आपली तूट जुनीच होती, पण या धक्क्याने परकीय गंगाजळी आटली आणि जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. त्याच संकटात नवे आर्थिक धोरण आले. पुढे खाजगीकरण आणि कंत्राटीकरण वाढले आणि जिथे आपले आरक्षण लागू होते तीच नोकरी आक्रसत गेली. म्हणून आखातातले युद्ध दूरचे आहे, असे आपण समजू नये.

मग आक्रमण सहन करायचे का? तसेही नाही. कुवेतची मुक्तता आवश्यक होती, असे मानणारे पुष्कळ आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. आक्रमकाला रोखणे हा गरजेचा प्रश्न होऊ शकतो. दुसऱ्याच्या जमिनीखालचे तेल हवे वाटणे ही तृष्णा आहे.

त्याच ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भिडतात. तेव्हाचे पाणी म्हणजे आजचे तेलच. सिद्धार्थ गौतम शाक्य संघापुढे सुचवतात की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. संघाचे बहुमत विरोधात जाते. सिद्धार्थ आपले मत सोडत नाहीत, घर सोडतात.

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो. सुरक्षितता हवी तर अनेक देशांकडून खरेदी, पुरेसा राखीव साठा, सौरऊर्जा आणि स्वस्त सार्वजनिक वाहतूक यांची मागणी लावून धरली पाहिजे. आणि कोणी युद्धाची भाषा केली, तर तरुणांनी तीन प्रश्न विचारावेत: खर्च कोण देणार, सीमेवर कोणाची मुले जाणार आणि शेवटी तेल कोणाला मिळणार? त्या रविवारी प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने हे तिन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. पुढच्या रविवारी याच विषयावर तो स्वतः बोलणार आहे.

जय भीम.