काडतुसाचा सारखेपणा आणि लांब पल्ल्याचा नेम

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत भात, नाचणी आणि वरईची शेते जंगलाला लागूनच असल्याने रानडुकरांपासून पीक राखणे हा शेतीच्या कामाचाच एक भाग ठरतो, आणि या राखणीशी ठासणीच्या बंदुकीचे नाते जुने आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्येही पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. या बंदुकीत तयार काडतूस नसते; मापाने घेतलेली दारू नळीत ओतून, त्यावर बोळा घालून, गजाने ठासून, मग छर्रे आणि पुन्हा बोळा भरून, शेवटी टोपी बसवली की एक बार तयार होतो. दारूचे माप, ठासण्याचा जोर आणि बोळ्याचा घट्टपणा दर वेळी थोडा बदलत असल्याने प्रत्येक बार आधीच्या बारापेक्षा वेगळा निघतो. जवळच्या अंतरावर छर्ऱ्यांचा फैलाव हा फरक झाकून टाकतो. मात्र हजार यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर एकच गोळी नेमकी पोहोचवायची असेल, तर हाच फरक नेमबाजाचा पहिला शत्रू बनतो.

आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली आणि आघाताने पेटणारी टोपी म्हणजे प्रायमर, पुंगळीत भरलेली धूररहित दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. हे घटक वेगवेगळे घेऊन, विशिष्ट रायफलीच्या नळीला मानवेल अशा रीतीने हाताने जुळवलेल्या काडतुसाला हॅन्डलोड म्हणतात. इंग्लंडमधील बिझ्ली येथील मैदानावर, तसेच दुर्बीण आणि टेकू वापरून खेळल्या जाणाऱ्या एफ-क्लास या प्रकारात, लांब पल्ल्याचे नेमबाज वर्षानुवर्षे हे काम करत आले आहेत. भारतात दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवाना बंधनकारक असल्याने सामान्य नेमबाजाला कारखान्यात भरलेल्या काडतुसांवरच अवलंबून राहावे लागते. तरीही हॅन्डलोडमागील शास्त्र समजून घेतल्याशिवाय तयार काडतुसांतून योग्य ते निवडता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या नेमबाजीत या निवडीला फार मोठे स्थान आहे.

नेमकेपणासाठी गोळीला अधिक वेग द्यावा लागतो हा समज चुकीचा आहे. आवश्यक असतो तो वेगाचा सारखेपणा. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघालेली ७.६२ मिलिमीटरची गोळी १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, अंतर कापायला दीड सेकंदाहून अधिक वेळ घेते आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे नळीच्या रेषेपासून साधारण १० मीटर खाली येते. हा उतार दृष्टीयंत्राच्या साहाय्याने आधीच हिशेबात धरलेला असतो. परंतु दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर त्या लक्ष्यावर एकमेकींपासून सुमारे २५ सेंटिमीटर खाली-वर लागतात. एफ-क्लासच्या हजार यार्डांच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा संपूर्ण व्यासच जवळजवळ तेवढा असतो. सव्वा टक्क्याच्या आसपासची ही तफावत नेमबाजाचा श्वास, बोट आणि डोळा यांनी कितीही साथ दिली तरी भरून निघत नाही.

सारखेपणाची सुरुवात पुंगळीपासून होते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांच्या मिश्रणाचे पितळ ओढून पुंगळी घडवली जाते. शहापूर-मुरबाडच्याच जिल्ह्यात, अंबरनाथ येथे, १९५३ पासून असे पितळ तयार करणारी आयुध निर्माणी आहे, तर खडकीच्या १८६९ मध्ये स्थापन झालेल्या आणि वरणगावच्या १९६४ मधील कारखान्यांत प्रत्यक्ष काडतुसे बनतात. बार उडताच पुंगळी फुगून नळीच्या मागील कोठीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसते. ती पुन्हा वापरायची तर साच्यातून दाबून मूळ मापावर आणावी लागते. या फुगण्या-दाबण्याने पितळ दर फेरीत अधिक कडक होत जाते, पुंगळीची मान गोळीला कधी घट्ट तर कधी सैल धरते, आणि गोळी सुटण्यास लागणारा जोर बदलला की वेगही बदलतो. म्हणून दक्ष हॅन्डलोडर पुंगळ्या एकाच खेपेतील घेतो, त्यांच्या लांबीचे आणि मानेच्या जाडीचे माप घेतो, वजनाने त्यांची प्रतवारी लावतो आणि ठरावीक फेऱ्यांनंतर मानेला मोजकी उष्णता देऊन पितळ पुन्हा मऊ करतो. मात्र ही उष्णता बुडापर्यंत पोहोचू देत नाही, कारण दाब पेलणारे बूड मऊ पडले तर पुंगळी फाटण्याचा धोका संभवतो.

असे घडवताना पितळाच्या अंगी राहून जाणाऱ्या ताणाचे महत्त्व जगाला कळले ते भारतातील पावसाळ्यामुळे. ब्रिटिश लष्कर पावसाळ्यात हालचाली मंदावल्या की काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवत असे, आणि पावसाळा सरल्यावर अनेक पुंगळ्यांना तडे गेलेले आढळत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत ताणलेल्या पितळावर परिणाम करून त्याला चिरा पाडतो, हे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी स्पष्ट केले, आणि घडवलेल्या पितळाला उष्णता देऊन त्यातील ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय ठरला. आषाढ-श्रावणात भिंतींनाही ओल धरणाऱ्या शहापूर-मुरबाडसारख्या प्रदेशात दारूगोळा कोरड्या, हवाबंद जागी आणि गोठ्यापासून व खतांपासून दूर ठेवण्यामागचे शास्त्रीय कारण या जुन्या निष्कर्षातच सापडते.

दारूच्या बाबतीत काटेकोरपणाची पातळी आणखी वर जाते. तिचे वजन ग्रेन या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि चांगल्या तराजूवर त्याचाही दहावा भाग, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा फरक, टिपला जातो. परंतु वजन तंतोतंत जुळले म्हणून वेग जुळेलच असे नाही, कारण दारूचा जळण्याचा वेग तिच्यातील ओलाव्यावर आणि तापमानावरही अवलंबून असतो. ओलावा वाढला की ती संथ जळते, आणि तापली की वेगाने जळून नळीतील दाब वाढवते. मार्गशीर्षातील गार सकाळी जे काडतूस निर्धोक आणि नेमके ठरते, तेच वैशाखातील भर दुपारी उन्हात राहिले किंवा तापलेल्या नळीत बराच वेळ रेंगाळले तर अधिक वेग आणि अधिक दाब देते. या कारणाने दारूचे माप उत्पादकाने छापलेल्या मर्यादेत खालच्या टोकापासून सुरू करून सावकाश वाढवणे, आणि दाब वाढल्याची चिन्हे दिसताच थांबणे, हा या कामातील अनुल्लंघनीय नियम आहे.

चौथा घटक म्हणजे गोळी; तिच्याबाबत प्रश्न बसणुकीचा असतो. नळीच्या आत पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, ज्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत स्थिर राहते. पुंगळीतून सुटल्यावर खाचांना भिडेपर्यंत गोळी जेवढी मोकळी धावते तेवढे अंतर गोळी किती खोल बसवली यावर ठरते, आणि प्रत्येक नळीची पसंती निराळी असते. गोळी वाकडी बसली तर ती खाचांत तिरकी शिरते. हे तपासण्यासाठी तयार काडतूस दोन आधारांवर ठेवून हलकेच फिरवतात आणि गोळीच्या टोकाजवळ टेकवलेल्या मापकाची सुई किती थरथरते ते पाहतात. सुई जवळजवळ स्थिर राहिली तर काडतूस सामन्यासाठी बाजूला निघते, आणि मिलिमीटरच्या काही शतांशांनी डुलली तर ते सरावाच्या पेटीत जाते.

घटक तयार झाल्यावर नळीला मानवणारे मिश्रण शोधण्याचे काम सुरू होते, आणि येथे हातापेक्षा विवेकाची कसोटी अधिक लागते. दारूचे वजन थोडे थोडे वाढवत प्रत्येक वजनाच्या काही गोळ्या झाडायच्या, वेगमापकावर त्यांचे वेग नोंदवायचे आणि कागदावरील ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, मोजायचा, ही सर्वमान्य रीत आहे. मात्र काहीही न बदलता त्याच काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतले तरी त्यांचा आकार केवळ योगायोगाने सरासरीच्या पाऊणपट ते सव्वापट असा सहज हेलकावतो, आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपमध्ये हा हेलकावा आणखी मोठा असतो. एका सुंदर ग्रुपवर भाळून मिश्रण पक्के करणारा नेमबाज पुष्कळदा योगायोगालाच गुण समजून बसतो. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलणे, निवडक मिश्रणांची वेगवेगळ्या दिवशी फेरतपासणी करणे आणि नावडता निकालही वहीत लिहून ठेवणे, हीच विश्वासार्ह पद्धत होय.

महाराष्ट्रात हे शास्त्र सर्वाधिक उपयोगी पडते ते ५० मीटर रायफल प्रकारात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील पॉइंट टू-टू काडतूस रिमफायर असते, म्हणजे आघाताने पेटणारा पदार्थ पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे ते नेमबाजाला हाताने पुन्हा भरता येत नाही. सारखेपणा येथे भरून मिळवता येत नाही, तो निवडून मिळवावा लागतो. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसे वेगवेगळ्या खेपांत, ज्यांना लॉट म्हणतात, किंचित वेगळी उतरतात, आणि एका नळीला मानवलेला लॉट दुसऱ्या नळीला मानवेलच असे नसते. म्हणून नळी शिकंजात घट्ट आवळून, माणसाच्या हाताचा दोष पूर्णपणे वगळून, एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर झाडून पाहतात आणि उत्तम ठरलेल्या लॉटचाच साठा करतात.

या चाचणीची गरज साध्या गणितानेही पटते. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर सेकंदाला ३२५ मीटर वेगाची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे ११६ मिलिमीटर खाली येते आणि ३१५ मीटर वेगाची सुमारे १२४ मिलिमीटर. म्हणजे वेगातील १० मीटरचा फरक येथे साडेसात मिलिमीटरचा ठरतो, तर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे आणि त्यातील आतले वर्तुळ ५ मिलिमीटरचे असते. दशांश गुणांवर निकाल लागणाऱ्या अंतिम फेरीत एवढा फरक पदक हुकवण्यास पुरेसा होतो.

ठासणीच्या बंदुकीपासून ऑलिंपिकच्या रायफलीपर्यंतचा प्रवास बहुधा शक्ती आणि पल्ला वाढल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो; वस्तुतः तो एका बारातला आणि दुसऱ्या बारातला फरक कमी करत नेण्याचा इतिहास आहे. हा फरक कमी करण्याचे साधन मोजमाप आहे, आणि मोजमाप कोणत्याही महागड्या शस्त्राची वाट पाहत नाही. ग्रामीण भागातून, मर्यादित साधनांनिशी या खेळाकडे वळणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षकांनी नेम धरण्याच्या बरोबरीने लॉटची नोंद, त्या दिवसाचे तापमान, साठवणुकीची जागा आणि प्रत्येक ग्रुपचे माप लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावली, तर नळीचा दोष, काडतुसाचा दोष आणि स्वतःचा दोष यांतील भेद त्यांना लवकर ओळखता येईल; आणि हा भेद ओळखता येणे हीच नेमबाजीत सुधारणेची पहिली अट आहे.