मोलची फर आणि न्यायाचा प्रश्न

आरोपीस शिक्षा देण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप शाबीत झाला पाहिजे, हे न्यायाचे आद्य तत्त्व होय. परंतु आरोपीच्या कातड्यासच बाजारात भाव येऊ लागला, म्हणजे पुरावा तपासण्याची फुरसत कोणास राहत नाही. युरोप व अमेरिकेतील मोल या प्राण्याची हकीकत या दृष्टीने आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मोल हा आपल्याकडील चिचुंद्रीचा दूरचा आप्त. लांबी वीतभरही नाही. डोळे अगदी बारीक, पण पुढचे पंजे फावड्यासारखे. त्याचा बहुतेक जन्म जमिनीखालील बोगद्यांतच जातो. त्याच्या अंगावरील लव आखूड, दाट व सरळ उभी असते. पुढून मागे वा मागून पुढे, कसाही हात फिरविला तरी ती सारखीच मऊ लागते. अरुंद बोगद्यात मागे सरतानाही अडचण पडू नये अशी ही निसर्गाची योजना. मखमलीसारख्या या गुणामुळेच त्याच्यावर फॅशनची नजर गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात या फरीची मोठी चाल पडली. राणी अलेक्झांड्रा हिने या फरीचे वस्त्र करविले आणि स्कॉटलंडातील एका उपद्रवाचा धंदा बनला, असे सांगतात. पुढे १९१७ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने, मोल सापळ्यात कसा धरावा व त्याचे कातडे कसे उपयोगात आणावे, हे शिकविणारी पुस्तिका पॅसिफिक किनाऱ्यावरील शेतकऱ्यांकरिता प्रसिद्ध केली. शत्रूही मरावा आणि चार पैसेही मिळावेत, असा हा दुहेरी उपदेश! कातडे तळहाताएवढे, एका झग्यास शेकडो जीव लागत, आणि इतके करूनही ही फर नाजूक व लवकर झिजणारी.

आता मूळ फिर्यादीकडे वळू. मोल पिकांची मुळे खातो, असा सर्वत्र समज. वस्तुतः त्याचे मुख्य अन्न गांडुळे व किड्यांच्या अळ्या. मुळे कुरतडणारे उंदीर पुष्कळदा त्याच्या बोगद्यांतून ये-जा करतात. म्हणजे चोरी वाटसरूची आणि शिक्षा घरमालकास! त्याने उकरलेल्या मातीच्या ढिगांनी कुरणे बिघडतात व गवत कापण्याच्या यंत्रांची पाती बोथट होतात, हा आरोप मात्र खरा आहे. तथापि लहान गुन्ह्यास मोठी शिक्षा देणे, हाही अन्यायच.

पुढे फॅशन पालटली व कातड्याचा भाव गेला. आरोपी मात्र सुटला नाही. गांडुळांस स्ट्रिक्निन हे जालीम विष लावून ती बोगद्यांत टाकण्याची रीत ब्रिटनमध्ये २००६ पर्यंत कायदेशीर होती. आजही तेथील कित्येक मोल पकडणारे मेलेले मोल कुंपणाच्या तारेवर ओळीने टांगतात. ते विक्रीसाठी नव्हे, तर काम किती झाले हे शेतमालकास दाखविण्यासाठी.

सारांश, भाव चढला तेव्हा मोल मारला गेला आणि भाव उतरला तेव्हाही मारलाच गेला. त्याच्या अपराधाची रीतसर चौकशी दोन्ही वेळी बाजूसच राहिली. फॅशनवर उभारलेला धंदा फॅशनबरोबर बसतो, हा व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा बोध. आणि कोणत्याही जिवास उपद्रवी ठरविण्यापूर्वी नुकसान कोणी केले व किती केले हे आधी पाहावे, हा तुम्हां-आम्हां सर्वांनी.